शेअर आवडता झाला की निर्णय अवघड होतो

पत्राचा गोषवारा: सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्या रोज कामात वापरतात, तिचेच शेअर त्यांनी काही वर्षांपूर्वी घेतले. मधल्या काळात भाव त्यांच्या खरेदीच्या चौपट झाला. आता तो शिखरावरून ४० टक्के खाली आला आहे. त्या अजूनही फायद्यात आहेत, पण एकूण बचतीतला निम्म्याहून जास्त पैसा या एकाच शेअरमध्ये आहे आणि त्यातला काही चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागणार आहे. त्यांच्या सांगण्यावरून धाकट्या बहिणीनेही हे शेअर घेतले, तेही शिखराच्या आसपास. ती तोट्यात आहे. त्या लिहितात, "कंपनीबद्दल कुणी वाईट बोललं की मला राग येतो. चांगली बातमी आली की लगेच बहिणीला पाठवते, वाईट बातमी अर्धवट वाचून सोडून देते. नवरा म्हणतो, थोडे विकून टाक. मला वाटतं, ज्यांना हे तंत्रज्ञान कळत नाही तेच घाबरून विकतायत. मग स्वस्तात मिळतायत तर अजून का घेऊ नयेत? पण हे मी विचार करून ठरवतेय की नुसत्या प्रेमापोटी, हेच मला कळेनासं झालंय. तटस्थ कसं राहायचं? आणि बहिणीला काय सांगू?"

प्रिय मैत्रीण,

वाईट बातमी अर्धवट वाचून सोडून देते, हे तुम्ही आपणहून लिहिलंत. शेअर धरून बसलेल्या बहुतेकांना आपण असं करतो हे दिसतच नाही. तुम्हाला ते दिसलं आहे, म्हणून मीही आडवळणं न घेता लिहिणार आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: पुरेसा प्रयत्न केला तर मन तटस्थ होईल आणि मग योग्य निर्णय आपोआप सुचेल. मला तसं वाटत नाही. आयुष्यभराच्या बचतीचा अर्ध्याहून मोठा भाग, मुलीचं शिक्षण, नवऱ्याशी चाललेला वाद आणि बहिणीसमोरची लाज, हे सगळं एका शेअरच्या भावाला बांधलेलं असताना कुणाचंही मन तटस्थ राहणार नाही. अनुभवी गुंतवणूकदाराचंही नाही. म्हणून मनाकडून ती अपेक्षा आधी काढून घ्या. त्याऐवजी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, या शेअरवर काय काय अवलंबून आहे ते कमी करणं. दुसरी, निर्णयाच्या अटी निकाल यायच्या आधी, शांत वेळी कागदावर लिहून ठेवणं. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन समजुती तपासून पाहू.

सुरुवात तुमच्या बहिणीपासून करते. तुम्हा दोघींकडे एकाच कंपनीचा शेअर आहे. चौपट झालेला भाव ४० टक्के पडला, म्हणजे आज तुमच्या खरेदीच्या सुमारे २.४ पट आहे. बहिणीचे पैसे मात्र शंभराचे साठ-पासष्ट झाले असतील. तुम्ही म्हणत असाल, एवढा फायदा हातचा गेला. ती म्हणत असेल, मुद्दल निघालं की बाहेर पडते. पण कंपनीचं पुढे काय होणार हे तुम्ही कुठल्या भावाला घेतलंत यावर ठरत नाही. तिच्या ग्राहकांना, स्पर्धकांना, नफ्याला तुमच्या खरेदीची तारीख ठाऊक नसते. म्हणजे कर आणि प्रत्येकीची पैशाची गरज बाजूला ठेवली, तर आजच्या माहितीवर तुम्हा दोघींचं कंपनीविषयीचं मत एकच असायला हवं. ते वेगळं पडत असेल, तर तो फरक कंपनीतून आलेला नाही. तो तुमच्या खरेदीच्या आकड्यांतून आलेला आहे.

हे फार जुनं आणि नीट अभ्यासलेलं दुखणं आहे. हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्ये ते मांडलं: माणसं फायद्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले धरून ठेवतात, कारण तोट्यात विकणं म्हणजे चुकलो असं कबूल करणं. पुढे १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी एका अमेरिकी दलालाकडच्या दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासले. विकून टाकलेले फायद्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के अंकांनी सरस ठरले होते. तुमच्या बाबतीत गंमत अशी की तुम्ही फायद्यात असूनही तोट्यातल्या माणसासारख्या वागता आहात. कारण तुमच्या मनाने मोजपट्टी खरेदीच्या भावाला लावलेलीच नाही, ती शिखरावर लावली आहे. त्या शिखराच्या भावाला तुम्ही विकले नव्हते. तो पैसा तुमचा कधी झालाच नव्हता. तरी तो परत मिळवायचा आहे असं वाटतं, आणि "अजून का घेऊ नयेत" या प्रश्नातला बराचसा जोर तिथूनच येतो.

आता दुसरी समजूत. "ज्यांना हे तंत्रज्ञान कळत नाही तेच घाबरून विकतायत." तुम्हाला हे सॉफ्टवेअर आतून-बाहेरून माहीत आहे आणि त्या ज्ञानाला किंमत आहे. पण त्यातून तीन वेगळ्या प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर मिळतं. उत्पादन चांगलं आहे का, हा पहिला प्रश्न. त्या उत्पादनातून टिकाऊ नफा होतो का, हा दुसरा. आणि त्या नफ्याची जी आशा आहे ती आजच्या भावात आधीच धरलेली आहे का, हा तिसरा. आवडत्या कंपनीत हे तिन्ही एकमेकांत मिसळून जातात आणि पहिल्याचं "हो" आपण तिन्हींना देऊन टाकतो.

ब्लॅकबेरीचे फोन वापरणारी माणसं त्या फोनच्या प्रेमात होती आणि त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. त्या कळफलकावर मजकूर लिहिण्याचा वेग, ईमेलची सोय, सुरक्षितता, सगळं खरं होतं. २००७ मध्ये आयफोन आला, तरी पुढची काही वर्षं ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन या कंपनीची उलाढाल वाढतच राहिली. फेब्रुवारी २०११ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात ती जवळपास २० अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. शेअर मात्र २००८ च्या शिखरावरून तोवर निम्म्याच्याही खाली आलेला होता. तेव्हाही निष्ठावान वापरकर्ते म्हणत असणार की विकणाऱ्यांना या फोनची खासियतच कळलेली नाही. विकणाऱ्यांना फोन कळण्याची गरज नव्हती. लोक पुढचा फोन कुठला घेणार एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचं उदाहरण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे कंपनी बुडाली नाही, उलट चांगली चालली. मार्च २००० मध्ये सिस्को काही काळ जगातली सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची, म्हणजे सगळ्या शेअरांची मिळून सर्वाधिक किंमत असलेली, कंपनी होती. इंटरनेट वाढणार आणि त्याला सिस्कोची उपकरणं लागणार, हा तेव्हाचा युक्तिवाद शब्दशः खरा ठरला. तिची वार्षिक उलाढाल २००० मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर होती, ती २०१० मध्ये ४० अब्ज झाली. नफाही दुपटीहून अधिक वाढला. आणि शेअर? २००२ पर्यंत तो शिखरावरून जवळपास ९० टक्के पडला. २०१० च्या अखेरीसही तो शिखराच्या साधारण चौथ्या हिश्शावर होता, आणि २००० चा उच्चांक ओलांडायला २०२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. ज्यांनी शिखरावर घेतला त्यांचा तंत्रज्ञानाचा अंदाज बरोबर होता, कंपनीचा अंदाज बरोबर होता, फक्त मोजलेली किंमत चुकली होती. तेवढ्यात पंचवीस वर्षं गेली.

इंटरनेट कंपन्यांच्या तेजीच्या त्याच लाटेत सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीचा शेअर वार्षिक उलाढालीच्या दहापट किमतीला गेला होता. पडझडीनंतर, २००२ मध्ये, कंपनीचे प्रमुख स्कॉट मॅक्नीली यांनी एका मुलाखतीत गुंतवणूकदारांना साधा हिशेब विचारला. दहा वर्षांत तुमचे पैसे परत द्यायचे तर मला सलग दहा वर्षं कंपनीची सगळी उलाढाल लाभांश म्हणून वाटावी लागेल. म्हणजे पगार नाहीत, कर नाही, संशोधन नाही, कसलाच खर्च नाही. हे मान्य होतं म्हणून तुम्ही त्या भावाला शेअर घेतलात का, असा त्यांचा सवाल होता. तुमच्या कंपनीचं एकूण बाजारमूल्य तिच्या वार्षिक उलाढालीच्या आणि वार्षिक नफ्याच्या किती पट आहे, हे दोन आकडे आज काढा. पत्रात ते कुठेच नाहीत. भाव शिखरावरून किती पडला हे तुम्ही लिहिलंत, पण "स्वस्त" हे त्यावरून ठरत नाही. फार महाग असलेली गोष्ट ४० टक्क्यांनी उतरूनही महाग असू शकते.

यावर तुमच्या मनात ॲमेझॉन आली असेल. शिखरावरून ९० टक्क्यांहून जास्त पडली आणि पुढे कुठल्या कुठे गेली. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिचंही तसंच. २०२२ या एका वर्षात शेअर ६४ टक्के पडला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याने जुना उच्चांक मागे टाकला. ही उदाहरणं खरी आहेत, आणि भाव पडला म्हणजे कंपनी संपली असं मीही म्हणत नाही. पण ती आपल्याला आठवतात ती त्या कंपन्या उरल्या म्हणून. हेंड्रिक बेसेंबाइंडर या अर्थशास्त्रज्ञांनी १९२६ ते २०१६ या काळातल्या अमेरिकेतल्या सगळ्या सामान्य शेअरांचा अभ्यास करून २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त शेअरांनी त्यांच्या पूर्ण आयुष्यात ट्रेझरी बिलांइतकाही, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या सुरक्षित कर्जरोख्यांइतकाही, परतावा दिला नव्हता. बाजाराने ट्रेझरी बिलांच्या वर जी संपत्ती निर्माण केली, ती जवळपास सगळी केवळ चार टक्के कंपन्यांमधून आली. तुमची कंपनी त्या चार टक्क्यांत असूही शकेल. पण निम्मी बचत तिच्यावर लावायला ही शक्यता पुरत नाही.

तुमच्या व्यावसायिक ज्ञानाचा उपयोग मात्र जरूर करा, दोन्ही बाजूंनी. नव्या प्रकल्पांना लोक हेच सॉफ्टवेअर निवडतात का? की जुनं आहे म्हणून चालवतात, आणि नवं काम दुसऱ्याकडे नेतात? वर्गणीचं नूतनीकरण करताना ग्राहक सवलत मागू लागलेत का, आणि ती मिळते का? एखाद्या फुकट पर्यायाने काम भागतं असं तुमच्याच तरुण सहकाऱ्यांना वाटू लागलंय का? विश्लेषकाला हे उशिरा कळतं, तुम्हाला लवकर दिसतं. अट एकच, दिसेल ते सगळं लिहून ठेवायचं, आवडेल तेवढंच नव्हे. आणि एक सावधगिरी: कामाच्या निमित्ताने त्या कंपनीची आतली, जाहीर न झालेली माहिती कानावर आली, तर तिच्या आधारे खरेदी-विक्री करू नका आणि बहिणीलाही सांगू नका. बहुतेक बाजारांत तो गुन्हा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझ्या मते तुमची अडचण प्रेमापेक्षा प्रमाणाची आहे. हाच शेअर बचतीच्या पाच टक्के असता, तर कंपनीवर कितीही जीव असता तरी बिघडलं नसतं. वाईट बातमी तुम्ही शेवटपर्यंत वाचली असती, कारण त्या बातमीत मुलीचं शिक्षण दिसलं नसतं.

शिवाय जोखीम दिसते त्याहून मोठी आहे. तुमचा पगार याच क्षेत्रातून येतो. हे क्षेत्र मंदीत गेलं तर नोकरीवर संकट आणि शेअरची घसरण एकाच वेळी येऊ शकते, म्हणजे शेअर विकायची गरज नेमकी पडलेल्या भावात पडेल. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी, २००० च्या अखेरीस, तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनेतला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी बरोबरच गेली. तिथे हिशेबात घोटाळा होता, तुमच्या कंपनीत तसं काही असल्याचं मी सुचवत नाही. मिळकत आणि बचत एकाच जागी ठेवल्याचा परिणाम किती वाईट होऊ शकतो, एवढ्यासाठी हे लिहिलं. उरलेली बचत इंडेक्स फंडात, म्हणजे एखाद्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, असेल तर तीही तपासा. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकात सात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता. फंड वेगळा असला तरी आतला माल पुष्कळदा तोच असतो.

म्हणून मुलीच्या शिक्षणाचा पैसा आधी वेगळा काढा. याबाबतीत माझ्या मनात किंतु नाही. ज्या पैशाला तारीख आहे आणि ती तारीख चार वर्षांवर आहे, तो एका शेअरमध्ये असू नये, मग ती कंपनी जगातली सर्वोत्तम का असेना. ५० टक्के पडलेला शेअर मूळ पदावर यायला १०० टक्के वाढावा लागतो. ८० टक्के पडलेला शेअर ४०० टक्के वाढावा लागतो. मुलीचा प्रवेश त्यासाठी थांबणार नाही.

उरलेल्या शेअरांसाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा. हा शेअर शून्यावर गेला तर माझा कुठला बेत मोडेल? ज्या प्रमाणाला "कुठलाच नाही, फक्त वाईट वाटेल" हे उत्तर येईल, ती तुमची मर्यादा. अनेक सल्लागार एका कंपनीसाठी पाच ते दहा टक्क्यांची रेघ आखतात. तुमची मिळकतही याच क्षेत्रातून असल्याने मी खालच्या बाजूला राहीन. तिथवर यायला एकाच दिवशी सगळं विकायची गरज नाही. समजा पुढच्या वर्षभरात चार ठरावीक तारखा नेमल्या आणि प्रत्येक तारखेला ठरलेला हिस्सा विकला, भाव काहीही असो. तारखा आधी ठरवण्याचा फायदा हा की "अजून थोडा वर जाऊ दे" आणि "इतक्या खाली कशी विकू" या दोन्ही विचारांना जागा उरत नाही. शिक्षणाच्या पैशाला मात्र हे चार टप्पे नकोत, तो पहिल्याच तारखेला निघावा.

विकल्यावर भाव वाढू शकतो. ही शक्यता खरी आहे आणि तेव्हा वाईट वाटेल. पण तेव्हाही उरलेले शेअर तुमच्याकडे असतील आणि त्यांचा फायदा होईल. उलट घडलं तर मुलीचं शिक्षण सुरक्षित असेल. या दोन पश्चात्तापांपैकी कुठला पेलेल, हे तुम्ही आणि तुमच्या पतींनी मिळून ठरवायचं आहे. फायद्यावर कर किती आणि विक्री कशी विभागली तर तो कमी पडेल, हे नोंदणीकृत सल्लागाराला किंवा कर सल्लागाराला विचारा. पण कर वाचवण्यासाठी जोखीम वर्षानुवर्षं तशीच ठेवू नका.

पतींविषयी एक सांगायचं आहे. "थोडे विकून टाक" म्हणण्यासाठी त्यांना तंत्रज्ञान कळावं लागत नाही. ते कंपनीला नावं ठेवत नाहीत, घरातला किती पैसा कुठे आहे याबद्दल बोलत आहेत. कंपनीवर झालेली टीका म्हणून तुम्ही ते ऐकत आहात, म्हणून वाद होतो.

अजून घ्यायचे का? तुमचा हिस्सा मर्यादेच्या खाली येईपर्यंत नाही. भाव आणखी पडेल असं भाकीत यामागे नाही. आधीच जास्त असलेल्यात भर घालून खरेदीची सरासरी किंमत खाली आणली तर तुमचा आकडा सुंदर दिसतो, जोखीम मात्र वाढते.

मर्यादेत आल्यावर उरलेल्या शेअरांसाठी अर्धं पान लिहा. मी हा शेअर का धरला आहे, तीन-चार ओळींत. त्याखाली काय घडलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन, आकडे आणि मुदत घालून. "कंपनी कमकुवत झाली तर" असं लिहू नका, ती वेळ आली की तुम्ही म्हणाल, अजून तेवढी झालेली नाही. "आहेत त्या ग्राहकांकडून मिळणारी उलाढाल सलग तीन तिमाही घटली तर", "एका ग्राहकावर उलाढालीचा अमुक टक्क्यांहून जास्त भार आला तर", "शेअरांची संख्या दरवर्षी अमुक टक्क्यांनी फुगत राहिली तर" असं लिहा. कसोटी ही की तो कागद आणि कंपनीचा अहवाल पतींच्या हातात दिला, तर अट पूर्ण झाली की नाही हे त्यांना तुमच्या मदतीशिवाय सांगता आलं पाहिजे.

शेअरांच्या संख्येकडे मुद्दाम लक्ष वेधते, कारण तंत्रज्ञान कंपन्यांच्या चाहत्यांकडून ती हमखास सुटते. या कंपन्या पगाराचा मोठा भाग शेअरच्या रूपाने देतात. मग निकाल जाहीर करताना तो खर्च वगळून "समायोजित नफा" पुढे मांडतात. खर्च तर झालेलाच असतो, तो तुमच्या मालकीच्या हिश्शातून झालेला असतो. नफा २० टक्के वाढला आणि शेअरांची संख्या आठ टक्के वाढली, तर तुमच्या एका शेअरच्या वाट्याची वाढ ११ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणून निकाल आल्यावर वाचनाचा क्रम बदला. आधी रोखप्रवाहाचं पत्रक (कंपनीत प्रत्यक्ष किती पैसा आला आणि गेला), मग शेअरांची संख्या, मग वार्षिक अहवालातलं जोखमींचं प्रकरण, आणि व्यवस्थापनाचं भाषण सगळ्यात शेवटी. भाषण आधी ऐकलं की आकडे त्याच्या सुरात वाचले जातात.

आणखी एक सवय, चार्ल्स डार्विनची. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात आली की तो ती लगेच लिहून ठेवी, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटतात हे त्याने स्वतःत पाहिलं होतं. तुम्ही अर्धवट सोडलेल्या बातम्यांसाठी एक वही ठेवा. प्रत्येक बातमी शेवटपर्यंत वाचून तिच्यातला सर्वांत बोचरा मुद्दा एका वाक्यात, लिहिणाऱ्याच्या बाजूने लिहायचा. उत्तर द्यायचं नाही. तीन महिन्यांनी निकालाच्या दिवशी ती वही त्या अर्ध्या पानाशेजारी ठेवून वाचा. रोजचा भाव फोनवरून काढून टाका. वर्षातून चार वेळा नीट बघणं पुरतं.

तुमच्यासारख्याच अवस्थेत असलेल्या दोन प्रकारच्या वाचकांसाठी थोडक्यात. आपल्याच कंपनीचे शेअर पगारात मिळत असतील, तर मिळाल्या दिवशी असं समजा की तेवढी रोख रक्कम मिळाली आहे. त्या रोखीने तुम्ही आज हाच शेअर घेतला असता का? नसता, तर नियमांत बसेल तेव्हा विका. आणि ज्यांनी कर्ज काढून किंवा शेअर तारण ठेवून आवडता शेअर घेतला आहे, त्यांनी बाकी काही वाचण्याआधी ते कर्ज फेडावं. भाव पडला की आणखी तारण किंवा पैसे भरा अशी मागणी येते, आणि मग विकायचं कधी हे सावकार ठरवतो.

शेवटी तुमची बहीण. माझा अंदाज आहे की ती काही प्रमाणात तुमच्यासाठी थांबली आहे: ताईने सांगितलं होतं, आता विकलं तर ताईला वाईट वाटेल. आणि तुम्ही काही प्रमाणात तिच्यासाठी थांबला आहात, कारण तुम्ही विकले तर तिला दिलेला सल्ला चुकला असं तिच्यासमोर म्हटल्यासारखं होईल. दोघीही एकमेकींकडे बघून धरून बसल्या आहात आणि कंपनीकडे कुणीच बघत नाही. चांगल्या बातम्या पाठवणं आजपासून थांबवा. त्या तिच्यासाठी कमी आणि तुमच्या मनाच्या शांतीसाठी जास्त होत्या.

विक्रीची पहिली तारीख येण्याआधी तिला भेटा, फोनवर हे नीट होणार नाही. तुम्ही विकणार आहात, किती आणि का, हे तिला आधी सांगा. नंतर कुठून तरी कळलं तर ते तिला फार लागेल. तुमचं अर्धं पान आणि ती वही तिला दाखवा. मग तिला विचारा की हे पैसे तिला केव्हा लागणार आहेत आणि तिच्या बचतीचा हा किती हिस्सा आहे. शेअर घेताना हे विचारायचं राहून गेलं असण्याची शक्यता फार आहे. तोटा भरून देण्याचं वचन देऊ नका. तसं वचन दिलंत तर ती तिच्या गरजेप्रमाणे ठरवू शकणार नाही आणि तुम्ही पुन्हा दोन जणींची जोखीम उचलाल. "मी तुला फक्त चांगली बाजू सांगितली होती, आता दोन्ही सांगते" एवढं म्हणा. आणि हेही स्पष्ट शब्दांत सांगा की तिने सगळे विकले किंवा सगळे ठेवले, तरी तुमची काही हरकत नाही. तुमच्या उत्तराची वाट न पाहता ठरवायची मोकळीक तिला बहुधा याच वाक्याने मिळेल.